घरचा अभ्यास कोणाचा?

शाळा उघडून आता पंधरवडा लोटला. नव्या पुस्तकांना खाकी वेष्टणे चढली, दप्तरे एकदा भिजून वाळली, वेळापत्रके भिंतीला लागली. आणि शहरातील घराघरांतून संध्याकाळी सातच्या सुमारास एक जुना प्रश्न पुन्हा ऐकू येऊ लागला. स्वयंपाकघराच्या दारात वही घेऊन उभे राहिलेले मूल विचारते, "आई, हे कसं करायचं?" कुकरच्या शिट्ट्या मोजणारी आई म्हणते, "बाबांना विचार." गाडीच्या गर्दीतून नुकतेच सुटून आलेले बाबा म्हणतात, "शाळेत शिकवलं नाही का?" मूल काही न बोलता माघारी वळते. दोन मिनिटांचा हा प्रसंग. त्याची कोठे नोंद होत नाही, त्यावर विधिमंडळात प्रश्न विचारला जात नाही. तथापि मुलाच्या शिक्षणाचे पुढे काय होणार, याचा बराचसा निर्णय अशाच दोन मिनिटांत होत असतो.

राज्यापुढे इतके गहन प्रश्न उभे असताना पहिल्या पानावर गृहपाठाची चर्चा कशासाठी, असे काही वाचक विचारतील. त्यांना आमचे उत्तर इतकेच, की ज्या गोष्टीवर लक्षावधी घरांतील संध्याकाळ रोज खर्ची पडते, जिच्यापायी आई-बाप व मुले यांच्यांत सर्वांत अधिक खटके उडतात आणि जिच्या आधारावर खासगी शिकवण्यांचा प्रचंड व्यापार उभा राहिला आहे, ती गोष्ट क्षुल्लक नव्हे. ती केवळ रोजची आहे, म्हणून क्षुल्लक भासते.

गृहपाठाविषयी आपल्याकडे चर्चा झालीच नाही, असे नाही. १९८९ साली ज्येष्ठ कादंबरीकार आर. के. नारायण यांनी राज्यसभेत मुलांच्या पाठीवरील दप्तराच्या ओझ्याची कैफियत मांडली. पुढे प्रा. यशपाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि १९९३ साली तिचा अहवाल आला. २०२० साली केंद्र सरकारने दप्तराविषयीचे धोरण जाहीर केले व त्यात गृहपाठालाही मर्यादा घातली: दुसरीपर्यंत गृहपाठ नाही, तिसरी ते पाचवीला आठवड्याला फार तर दोन तास, सहावी ते आठवीला रोज एक तास, नववीपासून पुढे रोज दोन तास. २०१८ साली मद्रास उच्च न्यायालयानेही पहिली-दुसरीच्या मुलांना गृहपाठ देऊ नये असा आदेश दिला होता. हे सर्व स्तुत्यच आहे. परंतु या सार्‍या ऊहापोहाचा रोख एकाच प्रश्नावर राहिला: गृहपाठ किती असावा? तो मुलाने कोणाच्या सोबतीने करावा, अडले तर कोणाला विचारावे, आणि ज्याला विचारले त्याने काय करावे, हा प्रश्न मात्र कोणी घेतला नाही. वास्तविक यशपाल समितीने मर्मावर नेमके बोट ठेवले होते. पाठीवरील ओझ्यापेक्षा न समजल्याचे ओझे अधिक घातक, हा तिच्या म्हणण्याचा इत्यर्थ होता. पाठीवरचे ओझे तराजूवर तोलता येते. न समजल्याचे ओझे मूल मनात वाहते, आणि ते उतरवण्याची एकच वेळ असते: "हे कसं करायचं?" असे ते विचारते ती.

या प्रश्नाला आपण सुशिक्षित मंडळी सामान्यतः तीन प्रकारांनी उत्तर देतो. पहिला प्रकार रागावण्याचा. तो वर आलाच. दुसरा प्रकार आपणच करून टाकण्याचा. नऊ वाजून गेलेले असतात, मूल पेंगत असते, उद्या वही तपासणार असतात. आई पेन्सिल हाती घेते आणि उदाहरण सुटते. 'प्रकल्प' नावाचे जे नवे प्रकरण आहे, त्यात तर हा प्रकार पूर्णत्वाला पोहोचला आहे. ज्वालामुखीची प्रतिकृती बाप करतो, तक्ता मावशी रंगवते, कोपर्‍यावरील स्टेशनरीच्या दुकानात तयार चित्रे मिळतात, आणि मुलाच्या वाट्याला आपले नाव घालण्याचे काम तेवढे उरते. तिसरा प्रकार पैसे देऊन मोकळे होण्याचा, म्हणजे क्लासला घालण्याचा. केंद्र सरकारच्या २०२५ सालच्या शिक्षणविषयक सर्वेक्षणाप्रमाणे देशातील २७ टक्के विद्यार्थी खासगी शिकवणी घेत होते. शहरांत हे प्रमाण ३० टक्क्यांहून अधिक होते. बालकांच्या शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने शिक्षकाला खासगी शिकवणी करण्यास मनाई केली आहे. पण शिकवणीची गरज ज्यातून उत्पन्न होते, ते न समजल्याचे ओझे कोणत्याही कलमाने नाहीसे होत नाही.

या तिन्ही प्रकारांत एक साम्य आहे. तिन्हींत मुलाच्या प्रश्नाचा निकाल लावला जातो. प्रश्न कोणी ऐकत नाही. प्रश्न विचारणारे मूल उत्तर मागत आहे, असे आपण गृहीत धरतो. पुष्कळदा त्याला उत्तर नको असते. आपण कोठे अडलो आहोत, हे त्याला कोणाला तरी दाखवायचे असते.

येथे आमच्या पूर्वायुष्यातील एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. संपादकाच्या खुर्चीवर येण्यापूर्वी आम्ही काही वर्षे शाळेत मराठी शिकवीत होतो. एका पावसाळ्यात आम्ही सातवीच्या वर्गाला 'पावसाळा' या विषयावर घरून निबंध लिहून आणण्यास सांगितले. वह्या आल्या. जवळजवळ प्रत्येक वहीत एक मोर थुईथुई नाचत होता, धरणीने हिरवा शालू नेसला होता आणि बळीराजा आनंदला होता. ज्या मुलांनी मोर पाहिला असेल तर तो राणीच्या बागेत पिंजर्‍यातच, त्यांच्या चाळीस वह्यांतून तो एकाच ठेक्यावर नाचत होता, कारण त्या साली सर्वांनी घेतलेल्या गाइडात तो तसा नाचत होता. आम्हीही त्याला दहांपैकी सात गुण दिले. एका मुलाच्या वहीत मात्र मोर नव्हता. चारच ओळी होत्या. पाऊस आला की घर गळते, म्हणून पुस्तके पत्र्याच्या पेटीत ठेवतात, पेटीवर धाकटी बहीण झोपते, ती उठेपर्यंत पुस्तक काढता येत नाही, असे काहीसे त्याने लिहिले होते. र्‍हस्वदीर्घाच्या चुका पुष्कळ होत्या. आम्ही त्यांखाली लाल रेघा ओढल्या, 'निबंध फार लहान' असा शेरा मारला आणि तीन गुण दिले. त्याच मुलाला गृहपाठ न केल्याबद्दल आम्ही त्या वर्षी अनेकदा बाकावर उभे केले. ज्या चार ओळींत त्याने आपला गृहपाठ का होत नाही हे लिहून दिले होते, त्या आम्ही तपासल्या, वाचल्या नाहीत. ही चूक कोणा शाळेची वा पद्धतीची म्हणून ढकलता येण्यासारखी नाही. ती आमची होती, आणि आजचा हा अग्रलेख काही अंशी तिच्या परतफेडीसाठीच आहे.

त्या काळी गाइड होते. आता त्याची जागा हातातील यंत्राने घेतली आहे. प्रश्नाचे छायाचित्र काढले, की उत्तर पायर्‍यांसकट पडद्यावर येते. २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी अवतरल्यापासून तर निबंध, सारांश, कारणे द्या, टिपा लिहा, सर्व काही क्षणात तयार मिळते. आणि गाइडातला मोर निदान एकच होता, हे यंत्र प्रत्येकाला वेगळा मोर देते, म्हणून शिक्षकाला शंकाही येत नाही. ते कधी कधी चुकीची गोष्टही पूर्ण आत्मविश्वासाने सांगते, आणि ज्याला विषय आधीच समजला आहे त्यालाच ती चूक पकडता येते.

तथापि यंत्राला शिव्या देऊन आपली सुटका होणार नाही. साधन दूषित नसते. ते आपण कशासाठी वापरतो यावर सारे अवलंबून असते. २००४ साली अमेरिकेत सलमान खान नावाचे एक तरुण (चित्रपटातील नव्हेत) बोस्टनला नोकरी करीत होते. दूर न्यू ऑर्लिन्सला राहणारी नात्यातील एक लहान बहीण गणितातील एकके बदलण्याच्या भागात अडली होती, तिला ते फोनवरून शिकवू लागले. मग इतर भावंडे आली, मग धडे चित्रफितींवर गेले आणि २००८ साली त्यातून 'खान अकॅडमी' ही विनामूल्य शिकवणारी संस्था उभी राहिली. आज जगभरची मुले तिचा उपयोग करतात. या सर्व पसार्‍याच्या मुळाशी काय होते? एक अडलेली मुलगी आणि तिच्या अडण्याकडे लक्ष देणारा एक वडील भाऊ. आजच्या यंत्रालाही 'उत्तर सांगू नकोस, पुढची एक पायरी सुचव' असे सांगता येते व ते ऐकते. पण तसे सांगण्याची बुद्धी मुलाला कोणी तरी दिली पाहिजे. ते काम यंत्राचे नव्हे.

मग मदत करावी तरी कशी? हे शास्त्र अवघड नाही. जॉर्ज पोल्या या थोर गणितज्ञाने १९४५ साली प्रश्न सोडवण्याच्या कलेवर एक छोटे पुस्तक लिहिले. प्रश्न नीट समजून घ्या, मार्ग ठरवा, त्या मार्गाने जा, आणि शेवटी मागे वळून पाहा, या चार पायर्‍या त्यात आहेत. शिवाय गुरूने मदत फार करू नये व फार थोडीही करू नये, असा विवेक आहे. हा विवेक घरात कसा उतरतो, ते एका उदाहरणाने पाहू.

पाण्याची एक टाकी एका नळाने ३ तासांत भरते, दुसर्‍याने ६ तासांत; दोन्ही नळ एकदम सोडले तर ती किती वेळात भरेल? पुष्कळ मुले ३ आणि ६ यांची बेरीज करून ९ तास असे लिहितात. कोणी थोडे पुढे जाऊन सरासरी काढतात आणि साडेचार म्हणतात. येथे रागावणारा बाप म्हणेल, "चूक!" करून टाकणारी आई समीकरण मांडील. पण ज्याला मदत करायची आहे तो एवढेच विचारील: "पहिला नळ एकटा तीन तासांत टाकी भरतो. त्याच्या मदतीला दुसरा आला, तर वेळ वाढेल की कमी होईल?" मूल थबकते. ९ हे उत्तर आणि साडेचार हेही उत्तर त्याने स्वतःच्या हाताने खोडले, की मग "बरं, एका तासात पहिला नळ टाकीचा कितवा भाग भरतो?" हा दुसरा प्रश्न पुरे होतो. तिसरा भाग आणि सहावा भाग मिळून अर्धी टाकी. म्हणजे दोन तास. उत्तर मुलाचे, खोडणेही मुलाचे. मोठ्या माणसाने फक्त दोन प्रश्न विचारले.

हेच सर्व विषयांत. भूगोलात विचारतात, महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि तेथून तीस-बत्तीस किलोमीटरवर असलेल्या वाईला त्याच्या काही अंशाएवढाच, हे का? 'पर्जन्यछायेचा प्रदेश' हे उत्तर पाठ होते आणि परीक्षेनंतर विसरते. नकाशा उघडून "ढग कोठून येतात? वाटेत काय आडवे येते? डोंगर चढताना त्यांचे काय होत असेल?" असे विचारत गेलो, तर तो शब्द पाठ करावा लागत नाही. विज्ञानात सावली सकाळी लांब व दुपारी आखूड का, असा प्रश्न येतो. दिवा मालवून एक विजेरी आणि एक पेन्सिल घेतली, की पाच मिनिटांत मूल स्वतःच शिकवू लागते. इतिहासात पानिपतच्या १७६१ च्या पराभवाची कारणे विचारतात, आणि मूल गाइडातील पाच मुद्दे क्रमांक घालून उतरवते. त्याला नकाशावर पुणे आणि पानिपत यांतील अंतर पाहायला सांगावे. सैन्यासोबत यात्रेकरू व बाजारबुणगे होते हे सांगून विचारावे, की इतक्या माणसांना व घोड्यांना रोज खायला कोठून आणणार? हा एक प्रश्न इतिहासातून भूगोलात आणि भूगोलातून अंकगणितात घेऊन जातो, आणि विषयांच्या भिंती केवळ वेळापत्रकासाठी आहेत हे मुलाला कळते. निबंधात मोराऐवजी "आपल्या गल्लीत पाऊस आला की काय होतं?" असे विचारले, की भाषा आपोआप खरी होते.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. अनेक आई-बाप म्हणतात, "आम्ही मराठीतून शिकलो, मुले इंग्रजीतून शिकतात; आम्हांला त्यांचे काही कळत नाही." ही अडचण खोटी नाही. पण ती आपण समजतो तितकी मोठीही नाही. मूल एलसीएम म्हणते तेव्हा घाबरून जाणारा बाप हे विसरतो, की हा त्याचा जुना लसाविच आहे. एचसीएफ म्हणजे मसावि, आणि रेशो-प्रपोर्शन म्हणजे त्याने गिरवलेले गुणोत्तर-प्रमाण. नाव बदलले, गणित तेच आहे. बालभारतीची दोन्ही माध्यमांची पुस्तके संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. ती शेजारी शेजारी ठेवून बाप व मुलगी दोघे मिळून वाचू लागली, तर मुलीचे मराठी सुधारेल, बापाचे इंग्रजी सुधारेल आणि गणित दोघांचे होईल. आणि खरोखरच येत नसेल तर? तर "मला येत नाही, चल, दोघं मिळून बघू" हे वाक्य घरात मोकळेपणाने उच्चारता आले पाहिजे. वडील माणसाला एखादी गोष्ट येत नाही आणि तरी तो तिला भीत नाही, हे पाहणे हाच मुलासाठी मोठा पाठ असतो.

येथवर आम्ही जे लिहिले, ते ज्यांच्या घरी टेबल आहे, दिवा आहे व विचारायला माणूस आहे अशा घरांविषयी. आमचा वाचकवर्ग बहुतांशी याच घरांतील आहे, हे आम्ही जाणतो. पण 'गृहपाठ' या शब्दातच एक गृहीत दडलेले आहे: की मुलाला गृह आहे, आणि त्या गृहात पाठ घेणारे कोणी आहे. पेटीवर झोपलेली बहीण उठेपर्यंत ज्याला पुस्तक काढता येत नव्हते, त्याच्या बाबतीत ते गृहीत खोटे होते. आजही असंख्य मुलांच्या बाबतीत ते खोटे आहे. ज्यांची आई चार घरची कामे करून रात्री नऊला परतते, बाप रात्रपाळीला जातो, घरात शाळेची पायरी चढणारे तेच पहिले, त्या मुलांनी "हे कसं करायचं?" असे कोणाला विचारावे? वर्ग सर्वांना एकच असतो, फळा एकच, शिक्षक एकच. दिवसाचे पाच-सहा तास शाळा मुलांना एका बाकावर बसवते. गृहपाठ त्यांना संध्याकाळी पुन्हा आपापल्या जागी पाठवतो. सकाळी वह्या तपासताना आपण मुलाची हुशारी तपासतो असे मानतो. पुष्कळदा आपण त्याचे घर तपासत असतो.

ही पोकळी कोण भरून काढतो? जो पैसे घेतो तो. 'प्रथम' संस्थेशी निगडित 'असर' पाहणीनुसार ग्रामीण भारतात शिकवणी घेणार्‍या मुलांचे प्रमाण २०१८ साली ३० टक्क्यांहून कमी होते. महामारीत शाळा बंद राहिल्या आणि २०२१ साली ते चाळीसच्या घरात गेले. शाळेचे दार बंद होताच गरिबांनीही पोटाला चिमटा घेऊन शिकवणीचे दार ठोठावले, असा याचा अर्थ. विचारायला माणूस मिळणे ही चैन नाही, ती शिक्षणाची गरज आहे, हे त्या आई-बापांना आपल्यापेक्षा आधी कळले.

महाराष्ट्राला तरी हे नव्याने सांगण्याची गरज पडू नये. मुलांना नुसती शाळा देऊन भागत नाही, शाळेबाहेरचे तासही सांभाळावे लागतात, ही जाण या भूमीत फार जुनी आहे. जोतीराव व सावित्रीबाईंनी १८५५ साली दिवसभर राबणार्‍यांसाठी रात्रीची शाळा काढली. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ सालापासून कोल्हापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहांची परंपरा सुरू केली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली सातार्‍याला सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह उभे केले. या वसतिगृहांनी छप्पर आणि भाकरी दिली हे खरेच. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तेथे शेजारच्या खाटेवर वरच्या इयत्तेतला कोणी तरी होता, ज्याला रात्री विचारता येत असे. मुंबईच्या गिरणगावात आणि पुण्याच्या पेठांत मंडळांनी अभ्यासिका चालवल्या त्या याच भावनेने.

या अभ्यासिका आजही आहेत, आणि पुष्कळ ठिकाणी उत्तम चालतात. परंतु त्यांत जाऊन पाहावे. पंखे आहेत, खुर्च्या आहेत, वर्तमानपत्रे आहेत, भिंतीवर 'शांतता राखा' अशी पाटी आहे. तेथे बसण्याची सोय आहे, विचारण्याची नाही. स्पर्धा परीक्षेच्या उमेदवाराला शांतता पुरते. सातवीतल्या मुलीला पुरत नाही. तिला कोणी तरी हवे असते.

आमची सूचना साधी आहे. शहरातील प्रत्येक अभ्यासिकेत, आणि जेथे ती नाही तेथे संध्याकाळी रिकाम्या पडणार्‍या महापालिकेच्या शाळेतील एका वर्गात, आठवड्यातून निदान तीन दिवस एक 'प्रश्नांचा तास' असावा. कोणाही मुलाने यावे, अडलेले विचारावे आणि जावे. फी नाही, नावनोंदणीचा सोपस्कार नाही, परीक्षा नाही. सांगणारे म्हणून निवृत्त शिक्षक, बँकांतून व कचेर्‍यांतून निवृत्त झालेली मंडळी, अभियंते, गृहिणी, महाविद्यालयांतील विद्यार्थी यांनी आठवड्याचा एक तास द्यावा. या शहरात सकाळी बागेत फेर्‍या घालणार्‍या निवृत्तांपैकी प्रत्येक विसांतून एकाने जरी हे मनावर घेतले, तरी माणसांची वाण पडणार नाही. नियम तीनच असावेत. पहिला, सांगणार्‍याने मुलाच्या वहीत स्वतःच्या हाताने काही लिहायचे नाही. दुसरा, येत नसेल तर येत नाही असे म्हणायचे. तिसरा, वर्ग उघड्या दाराचा असावा व एका वेळी निदान दोन मोठी माणसे हजर असावीत. मुलांच्या सुरक्षिततेच्या बाबतीत केवळ सद्हेतूवर विसंबणे योग्य नव्हे.

शाळांकडेही आमचे मागणे आहे. गृहपाठ दिल्यावर तासाची शेवटची दहा मिनिटे तो वर्गातच सुरू करण्यास द्यावीत; कोण कोठे अडतो ते शिक्षकाच्या डोळ्यांसमोरच दिसेल. आणि गृहपाठ झाला नाही म्हणून शिक्षा करण्यापूर्वी तो का झाला नाही, हे मुलाला एकांतात विचारावे. आम्ही ते विचारले नाही, म्हणून हे आग्रहाने सांगतो. शिक्षकांना यासाठी वेळ कोठे आहे, असे कोणी म्हणेल, तर त्यात तथ्य आहे. शिक्षणहक्काच्या त्याच कायद्याने जनगणना, आपत्ती व निवडणुका वगळता शिक्षकांना इतर कामांना जुंपू नये असे बजावले आहे. शासनाने स्वतःचा कायदा पाळला, तरी पुष्कळ दहा मिनिटे मोकळी होतील.

नागरिकांनी असे तास चालवले तर शासनाची जबाबदारी हलकी होणार नाही का, अशीही शंका निघेल. आमच्या मते उलटच होईल. जो माणूस आठवड्यातून एक संध्याकाळ सातवीच्या मुलीशेजारी बसून अपूर्णांक सोडवतो, त्याला तिच्या शाळेत काय शिकवले गेले आणि काय शिकवायचे राहिले, हे कोणत्याही अहवालापेक्षा स्वच्छ दिसते. असे काही हजार साक्षीदार शहरात तयार झाले, तर शिक्षणखात्याला आजच्याइतके निश्चिंत झोपता येणार नाही.

घरचा अभ्यास कोणाचा? मुलाचा, हे तर खरेच. तो दुसर्‍या कोणी करून देऊ नये. पण तो करताना मूल एकटे पडणार नाही, हे पाहणे मोठ्यांचे काम आहे: ज्या घरात मोठी माणसे आहेत तेथे त्या माणसांचे, आणि जेथे ती नाहीत तेथे आपणा सर्वांचे. आज संध्याकाळी सातच्या सुमारास आपल्या दाराशी कोणी वही घेऊन उभे राहील. कुकरची एक शिटी मोजायची राहिली तरी चालेल, दूरदर्शनवरील बातम्या थोड्या उशिराने कळल्या तरी चालतील. वही हातात घेऊ नये, मुलाला शेजारी बसवावे आणि विचारावे, "कुठं अडलंय, दाखव बघू."